कडोलीत चारही रेघा भरल्या

माझ्या पर्समध्ये चष्म्याच्या घराशेजारी साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी असते. बटण दाबलं की तिच्या इवल्याशा पडद्यावर आसपासच्या वाय-फायची नावं एकाखाली एक उमटतात. नावापुढे कुलूप असेल तर ते खासगी, नसेल तर उघडं. शेजारी चार रेघा. जितक्या जास्त भरतील तितका सिग्नल चांगला. डबी मीच जोडलेली आहे. टेलिफोन खात्यात केबलदुरुस्तीत आयुष्य गेलं, तेव्हा निवृत्त झाल्यावरही हाताची तारांना डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची, सवय सुटेना.

माझ्यासारख्या हौशी लोकांचा आमचा एक गट आहे. जिथे लोकांसाठी मुद्दाम वाय-फाय उघडं ठेवलेलं असतं, अशा जागा शोधून आम्ही एका नकाशावर मांडतो. कुणाचं चुकून उघडं राहिलं असेल तर तिथे शिरायचं नाही, उलट मालकाला सांगायचं, हा आमचा नियम. माझ्या मुलाला मात्र हे सगळं शेजारच्या घरातलं लोणचं चाखण्यासारखं वाटतं. "आई, घरात चांगलं वाय-फाय आहे की आपल्या," असं तो दर वेळी म्हणतो आणि दर वेळी मला स्टेशनवर सोडायलाही येतो.

कोल्हापूरच्या खाली आमचा नकाशा कोरा होता. नाशिकला माझ्या शेजारी राहणाऱ्या बाईंची धाकटी बहीण शांता बेळगावात वडगावला दिलेली आहे. तिच्याकडे उतरायचं ठरवलं आणि वाटेत एक दिवस निपाणीला थांबले.

निपाणी, शुक्रवार

गाडीतून उतरल्याबरोबर नाकात तंबाखूचा वास बसला. पहिली दहा मिनिटं शिंका, मग तो वास जणू गावाचाच होऊन गेला आणि कळेनासा झाला. मी डबीला घडीचा अँटेना जोडला. उघडला की तो हातपंख्यासारखा दिसतो आणि ज्या दिशेला धरावा तिकडचं जास्त पकडतो. तो हातात धरून मी वखारींच्या गल्लीतून सावकाश चालू लागले.

एका वखारीच्या दारातला पहारेकरी उठून उभा राहिला.

"बाई, काय मोजूलासा? रस्ता रुंद करायचा हाय काय?"

मी नाही म्हणेपर्यंत समोरचा सायकलवाला, त्याच्या शेजारचा शिंपी आणि दोन बायका जमल्या. शिंप्याच्या दुकानाची पायरी रस्त्यावर आलेली होती. त्याचा चेहरा पडला. मी डबी त्याच्या हातात दिली आणि सगळं समजावून सांगितलं. त्याने पडद्यावरची नावं वाचली, त्यात त्याच्या भावाच्या घराचं नाव निघालं, आणि तो हसायला लागला.

"म्हंजे पाणाड्याच की! त्यो पाणी हुडकतोय, तुमी नेट हुडकताय."

पहारेकरी मात्र गंभीर होता. "आमच्या मळ्यात एकदा येऊन जावा की. पाण्याचं जमतंय का बघा."

त्या गल्लीच्या टोकाला डबीवर एक नाव आलं, 'विचारून घ्या'. कुलूप नाही. अँटेना फिरवत गेले तर एका चहाच्या हॉटेलापाशी चारही रेघा भरल्या. मालक गल्ल्यावर बसून पेपर वाचत होते. मी विचारलं, "वाय-फाय वापरू का?"

"विचारलासा न्हवं? वापरा. बिनविचारता वापरत्यात त्यांच्यासाठी नाव ठेवलंय. वाचून तरी लाजतील म्हटलं."

"लाजतात का?"

"न्हाय. पन मला बरं वाटतंय."

त्यांनी नकाशावर हॉटेल टाकायला आनंदाने परवानगी दिली, आणि आलं घातलेला असा कडक चहा दिला की शिंका तिथेच थांबल्या. पहिल्याच दिवशी असं ठिकाण सापडलं म्हणून मी खुशीत होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावची गाडी पकडली.

वडगाव, शनिवार

नाशिकला आम्ही पाहुण्याला विचारतो, चहा घेणार का? वडगावात विचारायचं काम ताट करतं. मी चप्पल काढत होते तोवर शांताआक्काने जोंधळ्याची भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढ्यात ठेवलं. मग म्हणाली, "जेवलासा का वो वाटंत?" मी जेवले होते. पुन्हा जेवले.

घर मागाचं. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, मधल्यात एक हातमाग, मागे स्वयंपाकघर. यंत्रमागाचा आवाज एवढा की तिथे सगळेच ओरडून बोलतात. फक्त हातमागावर बसलेली रत्ना शांत होती. रत्ना म्हणजे शांताआक्काची नणंद, चौतीस वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्यापुढे मोरपंखी रंगाची साडी अर्धी विणून झाली होती आणि तिच्या काठावर तिने स्वतः बसवलेली आंब्याच्या कोयरीची नक्षी होती. मी हात लावून बघितल्यावर तिने माझं बोट धरून उलट बाजूवर नेलं. उलट बाजूही सुलटीइतकीच स्वच्छ होती. हे बघा, असं तिचे डोळे सांगत होते.

दुपारी मला कळलं की मी मोठ्या घाईगर्दीच्या दिवशी येऊन पडले आहे. रविवारी संध्याकाळी निपाणीहून माणसं सुपारी फोडायला येणार होती. मुलगा किसन, तोही ऐकू न येणारा, कोइमतूरला एका कारखान्यात लेथवर काम करतो. फोटो बघून झाले होते, दोन्हीकडचे मोठे फोनवर बोलून मोकळे झाले होते. फक्त नवरानवरी एकमेकांशी बोलले नव्हते.

"रत्नी म्हणती, त्याच्याशी मी सोता बोलल्याबिगर सुपारी फोडायची न्हाय," शांताआक्का म्हणाली. "उद्या अकराला त्याला सुट्टी हाय. तास दीड तास. आनि हितं बघा काय झालंय."

झालं असं होतं की हमरस्त्याच्या खोदकामात जाड केबल तुटली होती आणि अर्ध्या शहराचं इंटरनेट लुळं पडलं होतं. साधे फोन लागत होते, चिठ्ठीसारखे निरोप उशिरा का होईना जात होते, पण चित्र काही धड येत नव्हतं. रत्नाने मला तिचा फोन दाखवला. तिने नुकताच प्रयत्न करून पाहिला होता. पडद्यावर किसनचा चेहरा चौकटीचौकटींचा झाला होता आणि एक हात हवेत अडकून पडला होता. ऐकू येणाऱ्याचा आवाज तुटला तर अर्धं वाक्य तरी कळतं. हाताने बोलणाऱ्याचा हातच गोठला तर काहीच कळत नाही.

रत्नाचा भाऊ, म्हणजे शांताआक्काचा नवरा मारुतीअण्णा, वैतागला होता. आईवडील गेल्यापासून तिचं सगळं तोच बघत आला होता.

"लिहून इचार म्हनावं की. मेसेज जातोय न्हवं?"

शांताआक्काने तव्यावरची भाकरी उलटली. "आपल्या लग्नाआधी तुमाला कुनी म्हटलं असतं, पोरगीला काय इचारायचं ते इंग्लिशमदी लिहून इचारा, तर चाललं असतं? तिची भाषा हातात हाय. लिहिनं तिला परकं हाय."

"इचारायचं तरी काय हाय एवढं?"

"ते मलाबी सांगंना."

रत्ना आमची तोंडं बघत होती. मग तिने मी पर्समधून काढून गळ्यात अडकवलेल्या डबीवर बोटाने टकटक केलं, फोनकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. याने सापडेल?

मी होकाराची मान हलवली. हलवल्यावर मला जरा भीतीच वाटली.

सांबरा, शनिवार संध्याकाळ

विमानतळावर उघडं वाय-फाय असणारच, असं मला वाटलं. मारुतीअण्णाच्या मालवाहू रिक्षातून आम्ही सांबऱ्याला गेलो. रिक्षात साड्यांचे गठ्ठे बांधायच्या दोऱ्या आणि रिकामे खोके. बाहेरच्या रस्त्यावरच डबीवर तीन रेघा आल्या, कुलूप नाही. मी ओरडलेच. रत्नाने फोन जोडला. पडद्यावर पाटी आली की मोबाईल नंबर टाका, त्यावर ओटीपी येईल. नंबर टाकला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ज्या नेटवर्कवरून ओटीपी यायचा तेच आजारी! आम्ही तिथे उभं राहून तीन विमानं जाताना बघितली. ओटीपी आला तो आम्ही परत वडगावात पोचल्यावर, चार एकदम.

"झालं?" मारुतीअण्णा म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा दिलासाही होता.

पण परत येताना मला रस्त्याकडेला खोदलेला खड्डा दिसला होता आणि त्यात वाकलेली माणसं. मी रिक्षा मागे वळवायला लावली. खड्ड्यात पन्नाशीचे एक गृहस्थ केबलचे केसासारखे बारीक तंतू एकेक जोडत होते. आयुष्यभर मी तांब्याच्या तारा जोडल्या, हे काचेचे धागे. मी काठावर उकिडवी बसले आणि म्हणाले, "जॉइंट चांगला बसलाय."

त्यांनी वर बघितलं. "तुमाला कळतंय यातलं?"

"तीस वर्षं हेच केलं. तेव्हा खड्डे आम्ही खणायचो, आता यंत्र खणतं. केबल मात्र दोघंही तोडतात."

ते हसले. बाहेर येऊन हात पुसले. कधी होईल विचारलं तर म्हणाले, उद्या रात्र होईल. मी दुसरा प्रश्न विचारला, ज्यासाठी मी खरी उतरले होते. "या केबलवर नसलेलं गाव कुठलं जवळचं?"

त्यांनी कान खाजवला. "उत्तरंकडं जावा. काकतीच्या बाजूनं कडोलीला जाती ती लाईन येगळी. ती चालू असंल. पन तितं उघडं काय हाय ते मला म्हाईत न्हाय बाई."

"ते मी बघते," मी म्हणाले.

कडोली, रविवार

सकाळी साडेनऊला निघालो. मी पुढे मारुतीअण्णाशेजारी, हात बाहेर काढून अँटेना धरलेला. मागे खोक्यांवर शांताआक्का आणि रत्ना. रत्ना नवी साडी नेसली होती, हिरवी, स्वतःच्या मागावरची. दोन्ही बाजूंना भाताची शेतं, आणि काही ठिकाणी बांधावर माणसं न्याहारी करत बसलेली. असं रान बघत गेले असते तर एरवी मी गाणं म्हटलं असतं. त्या दिवशी माझं लक्ष फक्त पडद्यावर होतं.

एका गतिरोधकावर रिक्षा उडाली आणि अँटेनाचा स्क्रू निखळून रस्त्यावर कुठे तरी गेला. अँटेना मान टाकलेल्या कोंबडीसारखा लोंबायला लागला. आम्ही चौघं वाकून मातीत शोधू लागलो. दहा वाजून गेले. मारुतीअण्णा घड्याळ बघून म्हणाला, "देवाच्या मनात न्हाय, दुसरं काय."

रत्नाने माझ्या हातातून डबी घेतली. कमरेच्या पिशवीतून रेशमाचा धागा काढला, अँटेनाच्या भोकातून ओवला आणि विणकर तुटलेला ताणा सांधतात तशी गाठ मारली. मी ती गाठ कशी बसली ते बघतच होते तोवर दुसरी, तिसरी बसली. अँटेना ताठ! आधीपेक्षा जास्त ताठ. रत्नाने तो माझ्या हातात दिला आणि रिक्षाच्या पाठीवर थाप मारली. चला.

कडोलीत शिरल्यावर नावं येऊ लागली. कुलूप, कुलूप, कुलूप. शाळेचं, तेही कुलूपबंद. एक उघडं मिळालं, पण जोडून बघितलं तर पलीकडे इंटरनेटच नव्हतं. दार सताड उघडं आणि घरात कुणी नाही, तसं. मग एका वळणावर 'वाचनालय' असं नाव आलं. कुलूप नाही. एकच रेघ, तीही थरथरती. मी रिक्षातून उतरले आणि अँटेना धरून चालत सुटले. देवळाकडे वळले तर रेघ गेली. परत फिरले. डावीकडे बोळात दोन रेघा. बोळ संपला तिथे एक बैठं कौलारू घर, त्याला लोखंडी दार, बाहेर दगडी कट्टा. कट्ट्यावर पाय ठेवला आणि चारही रेघा भरल्या.

वेग मोजला. डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजला. माझ्या नाशिकच्या घरातसुद्धा एवढा नव्हता. "शांताआक्का! इकडे या! इकडे!" मी एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या घरातून धोतर नेसलेले, खांद्यावर टॉवेल टाकलेले एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले.

"कोन वो तुमी? आज रविवार. बंद हाय वाचनालय."

ते तिथले ग्रंथपाल. सगळे त्यांना आप्पा म्हणत. मी त्यांना आमची सगळी हकीकत सांगितली, कोइमतूर, केबल, सुपारी. अकराला दहा मिनिटं होती.

आप्पांनी रत्नाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, हे वाचनालय हाय. लगीन जमवायचं कार्यालय न्हाय."

मला वाटलं, संपलं. तेवढ्यात आप्पांनी कनवटीची किल्ली काढली.

"दरसाल आमच्या गावात साहित्य संमेलन भरतंय, त्याला पावनी येत्यात, त्यांच्यासाठी उघडं ठेवलंय आमी हे वाय-फाय. बाकी वरीसभर येक मानूस इचारत न्हाय. तुमी इचारलासा. या आत, उनात कशाला बोलायचं तिनं?"

त्यांनी दार उघडलं, खिडक्या उघडल्या, टेबल पुसलं. दोन जाडजूड शब्दकोश एकावर एक ठेवून त्यांना टेकवून फोन उभा केला, म्हणजे रत्नाचे दोन्ही हात मोकळे. एवढं झाल्यावर खुर्चीची दिशा बदलली, कारण उजेड तोंडावर पडायला हवा. हे त्यांना कसं सुचलं कुणास ठाऊक.

अकरा वाजले. फोन थरथरला. पडद्यावर किसन आला, अख्खा, स्वच्छ, कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता. त्याने हात उचलला आणि हात गोठला नाही. रत्नाने उत्तर दिलं.

दारात बघता बघता पंधरावीस माणसं जमली होती. अख्खं गाव बघत होतं आणि कुणालाही एक अक्षर कळत नव्हतं. आमच्यातली थोडंफार समजणारी एकटी शांताआक्का. रत्नाच्या ते लक्षात आलं. तिने हात थांबवला, वळली, आणि बोट गोल फिरवून वहिनीला सांगितलं, तोंड फिरव. शांताआक्का लाजून हसली आणि पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. तशीच पाऊण तास राहिली.

त्या पाऊण तासात चित्र एकदाही अडलं नाही. मी डबीवर नजर ठेवून होते. रत्नाचे हात आधी जपून, हळू चालत होते. मग एकदा ती ठाम झाली, एका हाताने जमिनीकडे बोट दाखवून पुन्हा पुन्हा तेच म्हणाली. किसन बराच वेळ नुसता बघत राहिला. मी डबी बघितली, चारही रेघा होत्या. मग त्याने दोन्ही हात असे काही उडवले की रत्ना मोठ्याने हसली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. दारातली एक म्हातारी म्हणाली, "जमलं बगा!"

परतताना रिक्षात रत्नाने शांताआक्काला सांगितलं आणि शांताआक्काने मधल्या फटीतून आम्हाला. रत्नाने विचारलं होतं की मी माझा माग आणि बेळगाव सोडणार नाही, तू इकडे येशील का? किसन म्हणाला होता की मला कोइमतूर सोडायचंच होतं, पण तुला मोठ्या शहराची हौस असेल असं वाटून मी गप्प होतो.

मारुतीअण्णाने रिक्षा बाजूला घेऊन थांबवली. "म्हंजे घरजावई? निपाणीची मानसं ऐकून घेतील व्हय? सुपारी फोडायला आलेली तशीच परत जातील!"

"घरजावई कशाला?" शांताआक्का मागून म्हणाली. "जवळच पिरनवाडीत खोली घेतील. उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवाल्याला काम न्हाय व्हय?"

"ते मी बोलतो त्यांच्याशी संध्याकाळी. तुमी कुनी मदी बोलायचं न्हाय." आणि त्याने रिक्षा पुन्हा रस्त्यावर घेतली.

पुन्हा वडगाव, रविवार संध्याकाळ

पाचला निपाणीची माणसं आली. किसनची आई, त्याचे काका आणि एक मावशी. त्यांनी येताना पेढे आणले होते, इकडून बेळगावचा कुंदा ठेवला होता. माग बंद होते, म्हणून घर एकदम मोठं आणि रिकामं वाटत होतं. मारुतीअण्णा नवा सदरा घालून सतरंजीच्या मधोमध बसला. काकांनी घसा साफ केला आणि विचारलं, "मग, मुलीचं काय म्हननं?"

मारुतीअण्णाने तोंड उघडलं. "आमच्याकडनं असं हाय की..."

"थांबा वो अण्णा," किसनची आई म्हणाली. "तुमचं न्हाय इचारलं."

ती उठली, रत्नापुढे जाऊन मांडी घालून बसली, बांगड्या मागे सारल्या आणि हातांनी विचारलं. सफाईने, एवढी वर्षं मुलाशी बोलून बोलून आलेल्या सफाईने. रत्ना क्षणभर बघतच राहिली. या घरात येणाऱ्या पाहुण्याने तिला सरळ तिच्याच भाषेत विचारायची ही पहिली वेळ होती. मग तिचे हात सुटले. दोघी इतका वेळ बोलल्या की चहा निवला. काका माझ्याकडे, मी मावशीकडे, मावशी छताकडे बघत बसलो.

शेवटी किसनची आई वळली. डोळे पाणावलेले होते आणि ती हसत होती. "पोरगा हिकडं यायला तयार हाय, हे मला दुपारीच कळलंय, त्यानंच सांगितलं. मला काय वंगाळ हाय वो? कोइमतूर कुटं आनि बेळगाव कुटं! मी एस्टीनं येऊन सांजला परत जाईन. अण्णा, उद्यमबागेत कुनाला सांगून ठेवा."

मग मारुतीअण्णा शांताआक्काकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "पसंत हाय, हे हातानं कसं म्हनायचं गं?"

तिने पदराआड करून दाखवलं. मारुतीअण्णा उठून रत्नापुढे उभा राहिला आणि सगळ्यांदेखत त्याने ते केलं. चुकलं. रत्नाने मान हलवली, भावाचा हात हातात घेतला, अंगठा दुमडला, बोटं सरळ केली आणि खुणावलं, पुन्हा कर.

त्याने पुन्हा केलं.